विहीणबाईंचे नऊ मिलिमीटर

मी फटकळ आहे. तीस वर्षं भरतकामाचं दुकान चालवते. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, सगळं करून झालंय. कुणाचं चित्र भिकार असलं तर ते भिकार आहे असं काउंटरवरच सांगते. गिऱ्हाईकं तरीही येतात, कारण माझा टाका उसवत नाही. पण या जगात एक बाई अशी आहे की तिच्यासमोर माझ्या तोंडून नुसती साखर सांडते. त्या म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्या लेकीच्या सासूबाई.

लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली. चार वर्षांत ‘तुम्ही बसा’ आणि ‘नाही नाही, आधी तुम्ही’ यापलीकडे आमची गाडी गेली नव्हती. एकदा मी घाईघाईत त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. बाईंनी अख्खा कप संपवला आणि म्हणाल्या, “चहाला अगदी वेगळीच चव आहे हो तुमच्या हाताची.” त्या गेल्यावर मी माझ्या कपातला घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला. त्यानंतर आम्ही दोघींनी त्या चहाचं नाव काढलं नाही.

विहीणबाई इंजिनीअर आहेत. रेडिओच्या अँटेना बनवतात. अँटेना म्हणजे काय, तर यंत्राचं तोंड आणि कान. ती नसली तर यंत्र आत कितीही ओरडू दे, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही. हे मला माझ्या लेकीमुळे कळलं, आणि फार वाईट पद्धतीने कळलं.

लेक अग्निशमन दलात आहे. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून केंद्रावर सगळे तिला बुटकी म्हणतात, आणि अरुंद जागेत शिरायचं असलं की पहिली हाक तिलाच मारतात. गेल्या वर्षी एका गोदामाच्या तळघरात आग लागली. ही आत गेली, लोखंडी रॅक कोसळलं, पाय खाली अडकला. पडताना छातीवरच्या रेडिओची वीतभर दांडी, म्हणजे त्याची अँटेना, मोडली. अकरा मिनिटं ती आत होती आणि तिचा आवाज कुणालाही येत नव्हता. शेवटी धुरात चाचपडत गेलेल्या एका सहकाऱ्याचा हात तिच्या हेल्मेटला लागला म्हणून ती बाहेर आली. नशीब म्हणायचं, दुसरं काय? प्लास्टर निघालं आणि ही पुन्हा कामावर. मी रडले, भांडले, नोकरी सोड म्हटलं. ती म्हणाली, “आई, तू सुई टोचली म्हणून मशीन विकलंस का कधी?”

त्यानंतर महिन्याभराने विहीणबाई माझ्या दुकानात आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. हातातल्या पिशवीतून त्यांनी एक रीळ काढलं. राखाडी, चमकदार, तारेसारखा ताठ दोरा.

“हा आगीला दाद न देणारा धागा आहे,” त्या म्हणाल्या. “वरून चांदीचा मुलामा. यातून वीज वाहते. मला दांडी नकोच आहे. अँटेना सूनबाईच्या कामावरच्या कोटातच भरायची, बाहीच्या आत, टाक्यांनी. मोडायला काही उरणारच नाही. पण मला टाका घालता येत नाही. तुम्ही… म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर…”

“अहो, वेळेचं काय घेऊन बसलात!” मी म्हटलं. खेळाडूंच्या चाळीस पाठी पडून होत्या. त्या दोन आठवडे तशाच पडून राहिल्या.

केंद्रप्रमुखांनी एकच तारीख दिली होती. सरावाच्या इमारतीत, खाली दोन मजली तळघर आहे, तिथे चाचणी. कोट पास झाला तर सगळ्या जवानांच्या कोटात ही अँटेना बसणार. नाही झाला तर पुढची पाच वर्षं तेच दांडीवाले रेडिओ, कारण नव्या सामानाची मागणी त्याच आठवड्यात वर जाणार होती. आमच्या हातात चाळीस दिवस होते. माझ्या लेकीचा आवाज बाहेर येणार की नाही, हे त्या चाळीस दिवसांत ठरणार होतं.

दोऱ्याने आधी माझा अंत पाहिला. सुईच्या नेढ्यात घातला की दहा टाक्यांत पिंजायचा आणि तुटायचा. मोठ्या नेढ्याची सुई लावली, ताण सैल केला, मशीनचा वेग निम्म्यावर आणला, मेलं काही ऐकेना. मग मी चांदीचा दोरा खालच्या बॉबिनमध्ये भरला, वर साधा दोरा लावला आणि जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या कापडाची पट्टी उलटी करून भरली. खालचा दोरा सुईतून जातच नाही, नुसता कापडावर आडवा बसतो. सुंदर बसला. त्या दिवशी मी एकटीच दुकानात “जिंकलं!” म्हणून ओरडले.

पहिला नमुना मी माझ्या मनाने भरला. रेघेच्या आडवे, दाट, रेशमासारखे चमकणारे टाके. विहीणबाईंनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, “काय सुरेख चमक आहे!” पुढच्या वेळी त्यांनी नवं चित्र आणलं, त्यात रेघेच्या लांबीच्या दिशेने बारीक बारीक बाण काढलेले. एक शब्द बोलल्या नाहीत. मग मला लेकीकडून कळलं की वीज दोऱ्याच्या लांबीने पळते, आडव्या टाक्यांत ती ठेचकाळत जाते आणि माझा सुरेख नमुना अँटेना म्हणून शून्य होता. शून्य! तोंडावर सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना?

पण खरं सांगायचं तर मीही तेच करत होते.

त्याचं असं आहे. टाके पडले की कापड आकसतं. हे भरतकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. हातभर रेघ भरली की ती बोटाच्या नखाएवढी आखूड होते, म्हणून आम्ही मशीनवर आधीच थोडी वाढवून घेतो. दुसरा नमुना मी त्यांच्या मापाने जसाच्या तसा भरला, कारण विहीणबाईंच्या मापाला हात कसा लावायचा! त्यांनी तो प्रयोगशाळेत नेला. तिथे एक पडदा आहे, त्यावर एक आडवी रेघ दिसते आणि रेघेत एक खड्डा असतो. रेडिओ ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिथे तांबडी खूण आहे. खड्डा त्या खुणेवर आला तर अँटेना आवाज नीट बाहेर टाकते. खड्डा उजवीकडे गेला तर ती आखूड, डावीकडे गेला तर लांब. खड्डा उजवीकडे गेला होता. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, “छानच झालंय. किंचित आखूड वाटतंय, इतकंच.”

मी मनात म्हटलं, बाईंना कापड आकसतं हे कुठून ठाऊक असणार, बिचाऱ्या तारांत वाढलेल्या. उगाच त्यांना शिकवल्यासारखं नको. तिसऱ्या नमुन्याला मी गुपचूप मशीनवर नऊ मिलिमीटर वाढवले. पट्टी उतरवून त्यांच्या नव्या कागदावर ठेवली, तर तंतोतंत! मी खूश.

खड्डा डावीकडे गेला. “अंमळ लांब,” विहीणबाई म्हणाल्या. मी वाढवलेले काढून टाकले. चौथा नमुना. खड्डा पुन्हा उजवीकडे, तेवढाच. मी परत वाढवले. पाचवा. खड्डा डावीकडे, तेवढाच. माझं डोकं फिरायची पाळी आली. पट्टी कागदाला तंतोतंत आणि तरी चूक, म्हणजे कागदच चुकीचा! लेक घरी आली तेव्हा मी तोंडाचा पट्टा सोडला. “तुझ्या सासूबाईंना धड रेघ मारता येत नाही. एवढ्या शिकलेल्या, आणि साधं माप जमेना?”

लेक बूट काढता काढता थांबली. “गंमत आहे,” ती म्हणाली. “अहो आई म्हणतात तुझं मशीन जुनं झालंय, एकदा आकसतं आणि एकदा आकसत नाही. तू त्यांना सांगत का नाहीस? त्या तुला सांगत का नाहीत? तळघरात मी जाणार आहे, तुमचा मानपान नाही जाणार.”

ती आत गेली. मशीन जुनं? माझं मशीन? पण मग दुसरा शब्द कानात घुमायला लागला. आकसतं. म्हणजे त्यांना आकसणं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी खणातून त्यांचे सगळे कागद काढले. दुसऱ्या नमुन्याचा आणि तिसऱ्याचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. एक टोक जुळलं. दुसरं टोक नऊ मिलिमीटर पुढे. चौथा कागद पुन्हा दुसऱ्याएवढा. पाचवा पुन्हा लांब. मी कागदाशी पट्टी ताडून बघत होते, पण कागदाशी कागद कधी ताडून पाहिला नव्हता. चाचणीला आठ दिवस उरले होते. मी दुकानाला कुलूप घातलं आणि सरळ प्रयोगशाळा गाठली.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, भिंतींवर रेडिओच्या लहरी शोषणाऱ्या काळ्या स्पंजाची टोकंच टोकं. विहीणबाई मला बघून उठून उभ्या राहिल्या. “या, या, बसा ना. चहा सांगते…”

“चहा गेला खड्ड्यात,” मी म्हटलं आणि कागद टेबलावर आपटले. “ही रेघ या रेघेपेक्षा लांब का?”

त्यांचा चेहरा पडला. “ते… कापड आकसतं ना, म्हणून मी इथेच वाढवून दिलं होतं. तुम्हाला सांगायचं म्हणजे तुमच्या कामात खोट काढल्यासारखं झालं असतं.”

“कापड आकसतं हे तुम्ही मला सांगणार? तीस वर्षं मी काय गवत उपटतेय? मी ते मशीनवर वाढवते!”

“वाढवता?” त्यांनी चष्मा काढला. “किती?”

“नऊ मिलिमीटर!”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग विहीणबाईंचा आवाज चढला. चार वर्षांत पहिल्यांदा. “तुम्ही माझ्या मापाला हात लावलात? मला न विचारता?”

“आणि तुम्ही माझ्या टाक्याला गृहीत धरलंत, मला न विचारता!”

“मला वाटलं तुमचं मशीन बिघडलंय!”

“मला वाटलं तुम्हाला मोजता येत नाही!”

“चौतीस वर्षं मोजतेय मी! एकदा मी वाढवलं तर कापड आकसलंच नाही, काढलं तर आकसलं. वेड लागायची वेळ आली होती मला! आणि…” त्यांनी दम घेतला. “आणि तो चहा खारट होता!”

“ठाऊक आहे मला! मग प्यायलात कशाला?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून!”

आधी त्यांच्या नाकातून फुर्र झालं, मग मला आवरेना. खुर्चीत बसून आम्ही पोट धरून हसलो. मी वाढवत होते तेव्हा त्याही वाढवत होत्या. मी काढत होते तेव्हा त्याही काढत होत्या. तीन-चार आठवडे दोन शहाण्या बायका एकमेकींचा मान राखत खड्ड्याला इकडून तिकडे पळवत होत्या. शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला.

डोळे पुसून मी म्हटलं, “आता नीट ऐका. आकसण्याचं खातं माझं. तुम्ही मला फक्त खरं माप द्यायचं, जेवढं तयार पट्टीत हवं तेवढं. बाकी माझ्यावर सोडा.”

“सोडलं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्हाला आणखी काही खटकत असेल तर तेही आत्ताच सांगा.”

“खटकतंय. एकाच बाहीत अँटेना का? पोरगी त्याच कुशीवर पडली तर? हात अंगाखाली आला की ती मुकी होणार ना?”

विहीणबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाल्या, “दोन्ही बाह्यांत हवी. पहिल्या दिवसापासून मनात होतं. जी मोकळी असेल तिच्यातून यंत्र आपोआप बोलेल. पण तुम्हाला आधीच इतकं काम, त्यात दुप्पट कसं सांगायचं…”

“धन्य आहे तुमची!” मी हातच जोडले.

सहावा नमुना मी त्याच दिवशी भरला. विहीणबाई माझ्या शेजारी स्टुलावर बसून होत्या. मशीनवर आकडा मी त्यांच्यासमोर घातला, मोठ्याने वाचून. पट्टी उतरवली, त्यांनी मोजली आणि मान हलवली. दोघी पट्टी घेऊन प्रयोगशाळेत गेलो. पडद्यावर रेघ आली आणि खड्डा बरोब्बर तांबड्या खुणेवर, खोल, सरळ खाली. “बसला!” त्या ओरडल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या साडीला तारा जोडायच्या सोल्डरचा वास येत होता. उरलेल्या दिवसांत आम्ही पट्ट्या चुरगाळल्या, भिजवल्या, पिळल्या, हजार वेळा दुमडल्या. खड्डा जागचा हलला नाही. माझा टाका उसवत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

चाचणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. सरावाची इमारत म्हणजे धुराने काळवंडलेला काँक्रीटचा ठोकळा, खाली दोन मजले, लोखंडी दारं. प्रमुखांनी टेबलावर दोन स्पीकर ठेवले होते. एक जुन्या रेडिओसाठी, एक आमच्या कोटासाठी. लेकीने जुना रेडिओ आणि आमचा कोट, दोन्ही अंगावर घेतले होते. प्रत्येक दारावर एक आकडा रंगवलेला होता, तो तिने वाचायचा आणि प्रमुखांनी लिहून घ्यायचा. आत कृत्रिम धूर सोडला, पाण्याचे फवारे सुरू केले आणि बुटकी खाली उतरली.

पहिल्या दारावर दोन्ही स्पीकर बोलले. खालच्या जिन्यावर जुना खरखरायला लागला. तिसऱ्या दाराला तो मेला. आमच्यातून आवाज आला, “तीन नंबर, सत्तेचाळीस.” प्रमुखांनी लिहिलं. “चार नंबर, बारा.” लिहिलं. “पाच नंबर, नव्वद.” विहीणबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बोटांना मुंग्या आल्या. शेवटची खोली सगळ्यात खाली, जाड लोखंडी दारापलीकडे. “सहा नंबर, एकतीस,” लेक म्हणाली, अगदी शेजारी उभी असल्यासारखी.

प्रमुखांनी स्पीकरच्या बाजूचं बटण दाबलं. “आता दार ओढून घे आणि डाव्या कुशीवर पड. हात अंगाखाली.”

स्पीकर गप्प झाला. नुसती खरखर. विहीणबाई पुटपुटल्या, “बाही बदलतेय, बाही बदलतेय, थांबा.” एक सेकंद. दोन.

मग आवाज आला. पण तिने आकडा वाचला नाही.

“मी बुटकी बोलतेय. तळघर, शेवटची खोली, दारातून उजवीकडे. रॅकखाली पाय अडकलाय. हवा अजून आहे. मी इथे आहे. कुणी ऐकतंय का?”

तिथे काही रॅक नव्हतं. हे आत्ताचं नव्हतंच. गेल्या वर्षी मोडक्या दांडीच्या रेडिओत ती अकरा मिनिटं हेच बोलत होती, पुन्हा पुन्हा, आणि कुणालाही ते ऐकू गेलं नव्हतं. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. प्रमुखांनाही नाही. ते त्या दिवशीही बाहेर असेच उभे होते. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. त्यांनी बटण दाबलं.

“बुटके, ऐकलं,” ते म्हणाले. “अगदी स्पष्ट ऐकलं. जागची हलू नकोस. आम्ही येतोय.”

मी ढसाढसा रडले. विहीणबाईही रडल्या. बंबाजवळ उभे असलेले आठ-दहा जवान टाळ्या वाजवायला लागले, एकाने बंबाची घंटा बडवली आणि ती कुणी थांबवली नाही.

प्रमुखांनी नाक पुसलं आणि खाली पडलेलं पेन उचललं. “एकवीस कोट आहेत माझ्याकडे. किती दिवसांत होतील?”

“तीन आठवड्यांत,” विहीणबाई म्हणाल्या.

“पाच,” मी म्हटलं. “बेचाळीस बाह्या आहेत, विहीणबाई. उगाच शब्द देऊ नका.”

“पाच,” त्या लगेच म्हणाल्या. “यांना विचारल्याशिवाय माझं काही धरू नका, साहेब.”

तेवढ्यात लेक जिना चढून वर आली. नखशिखांत भिजलेली, तोंडावर काजळीचे ओघळ. तिने हेल्मेट काढलं, आम्हा दोघींच्या रडक्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, “ऐकू आलं?”

मी तिला तशीच ओली छातीशी धरली.

“शब्दन्‌शब्द,” मी म्हटलं.